घाटाच्या वर नुसता कागद, घाटाखाली कायदा: लग्नाआधीच्या करारावर सही करावी का?

बेळगाव, खानापूर, चंदगड, दोडामार्ग या पट्ट्यात गोव्याशी सोयरीक होणं काही नवं नाही. चोर्ला घाट उतरला की साखळी-डिचोली, तिलारी उतरली की दोडामार्ग आणि पुढं म्हापसा. कुलदैवत बऱ्याचदा गोव्यातलंच असतं, बोलणंही एकमेकांना कळतं. त्यामुळे पत्रिका, मानपान, हॉल आणि जेवण यांचं ठरलं की सगळं ठरलं, असं दोन्ही घरांना वाटतं. दोन्ही घरांचा लग्नाचा कायदा मात्र वेगळा असतो, आणि तो बैठकीत कुणी काढत नाही.

समजा, मुलगी बेळगावची आहे आणि मुलगा डिचोलीचा. साखरपुडा झाला. आठ-पंधरा दिवसांनी मुलाकडून निरोप येतो, "नोंदणीच्या आधी एक करार करून घेऊया. आमच्याकडं करतात तसं. फॉर्मॅलिटी आहे." करारात एवढंच लिहिलेलं असतं, की दोघांची मालमत्ता आपापली स्वतंत्र राहील. मुलीचे काका कोर्टाच्या आवारात उठबस असलेले. ते म्हणतात, "असल्या कागदाला काय किंमत नाही गं. कोर्टात टिकत नाही. त्यांचं समाधान होतंय तर कर सही."

काका खोटं बोलत नाहीत. ते बेळगावातला कायदा सांगत आहेत, आणि सही होणार आहे गोव्यात.

बेळगावात काय चालतं

महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात, तेलंगण या सगळ्या राज्यांत हिंदू नवरा-बायकोची मालमत्ता लग्नामुळं एक होत नाही. नवऱ्याच्या नावावरचं घर नवऱ्याचं, बायकोच्या नावावरचा प्लॉट बायकोचा. घटस्फोटाच्या वेळी पोटगी मिळते, राहण्याची सोय मागता येते. पण "लग्नानंतर उभं राहिलेल्या घरात माझा निम्मा वाटा" असं बायकोला कायद्यानं म्हणता येत नाही. हप्ते दोघांनी मिळून भरले असतील तर ते सिद्ध करत बसावं लागतं.

लग्नाआधीच्या कराराला इथं फारसं बळ नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ नुसार सार्वजनिक धोरणाविरुद्ध असलेला करार रद्दबातल ठरतो, आणि लग्नाच्या अटी ठरवणाऱ्या करारांकडं आपली कोर्टं याच नजरेनं बघत आली आहेत. १९०१ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयापुढं आलेलं प्रकरण अजून सांगितलं जातं. नवऱ्यानं लग्नाआधी लिहून दिलं होतं, की बायकोला तिच्या माहेरातून कधी नेणार नाही, आपणच तिथं राहू. सरळ भाषेत घरजावई होण्याचा करार. कोर्टानं तो मानला नाही. "घटस्फोट झाला तर पोटगी मागणार नाही" ही अट तर आजही टिकणं कठीण, कारण पोटगीचा हक्क आधीच लिहून सोडून देता येत नाही. पूर्वी फौजदारी संहितेच्या कलम १२५ खाली मिळणारी पोटगी आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली मिळते. कलमाचा नंबर तेवढा बदलला.

मुस्लिम कुटुंबांचं थोडं वेगळं आहे. तिथं लग्न मुळातच करार असतो. मेहेर ठरते, निकाहनाम्यात अटी घालता येतात. हुंडाबंदी कायद्यानंही मेहेर हुंड्याच्या व्याख्येतून बाहेर ठेवली आहे. बेळगावातल्या किंवा हैदराबादेतल्या मुस्लिम कुटुंबाला लग्नाआधी लिहून घेण्यात काही नवल वाटत नाही. ते वाटतं हिंदू घरांना.

म्हणून बेळगाव, इंदूर, बडोद्यात शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरीचा शिक्का मारून केलेला असा करार फार तर दोघांचा इरादा काय होता हे दाखवायला उपयोगी पडतो. काकांचं म्हणणं इथपर्यंत बरोबर.

घाट उतरल्यावर

गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा लागू झाला आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही राहिला. १९६२ च्या प्रशासन कायद्यानं जुने कायदे चालू ठेवले, ते बहुतांशी अजून चालू आहेत. खुद्द पोर्तुगालनं १९६६ मध्ये नवी संहिता केली, ती १९६७ पासून अमलात आली, आणि नवरा-बायकोच्या मालमत्तेचा मूळ नियम तिथं बदलला. गोवा मात्र तोवर मोकळा झालेला, त्यामुळे गोव्यात जुनंच राहिलं.

तो जुना नियम असा: लग्नाआधी काही करार केला नाही, तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता सामाईक होते. लग्नाआधीची, लग्नानंतरची, कमावलेली, वारशानं आलेली, पुढं येणारीसुद्धा. नाव कुणाचंही असो, निम्मा हक्क दोघांचा. अपवाद थोडे आहेत. वैयक्तिक वापराचे कपडे आणि अशाच काही वस्तू, किंवा "ही सामाईक होणार नाही" या अटीवर कुणी बक्षीस दिलेली मालमत्ता.

गोव्यात जमीन घ्यायला गेलेल्या बेळगावच्या माणसाला हे अनुभवानं कळतं. विकणारा एकटा सही करून मोकळा होत नाही. त्याची बायको सही करते. वडिलोपार्जित जमीन असेल तर भाऊ, भावजया, बहिणी, मेहुणे असे सगळे सह्यांना येतात. परदेशात असलेल्या एखाद्या जावयापायी व्यवहार वर्षभर रखडतो. त्याला लोक वैतागतात, पण तोच कायदा सुनेला निम्म्याची मालकीण करतो.

इन्कम टॅक्सचा कायदाही हे मानतो. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५-अ खास याच जोडप्यांसाठी घातलं गेलं. पगार सोडून बाकी उत्पन्न, म्हणजे घरभाडं, धंदा, भांडवली नफा वगैरे, नवरा-बायकोत निम्मं-निम्मं धरून कर लागतो.

हा नियम नको असेल तर बदलायची एकच वेळ असते, ती लग्नाच्या आधी. दोघांना चार पद्धती निवडता येतात. पूर्ण सामाईक, जी करार न करताही आपोआप लागते. पूर्ण स्वतंत्र. लग्नाआधीचं आपापलं आणि लग्नानंतर मिळवलेलं दोघांचं, ही मधली. आणि चौथी हुंड्याची म्हणून जुनी पद्धत, जी आज कुणी विचारत नाही. हा करार साध्या स्टॅम्पपेपरवर चालत नाही. तो सार्वजनिक दस्त म्हणून, सब-रजिस्ट्रार जे विशेष नोटरीचं काम बघतात त्यांच्यासमोरच करावा लागतो. असा झालेला करार कोर्टात टिकतो, अगदी खणखणीत टिकतो. लग्नानंतर दोघं राजीखुशीनं गेले तरी तो बदलत नाही.

म्हणजे काकांनी ज्याला बिनकिमतीचा कागद म्हटलं, त्या सहीनं मुलगी निम्म्या हक्कावर पाणी सोडते आहे, तेही कायमचं.

विधवा झाल्यावर

घटस्फोटाचा विचार लग्नाच्या बैठकीत अशुभ वाटतो, म्हणून तो बाजूला ठेवू. खरी तफावत मृत्यूनंतर दिसते.

उदाहरणाला सोपा आकडा घेऊ. नवऱ्याच्या नावावर ८० लाखांचं घर आहे. लग्न सामाईक पद्धतीचं असेल, तर त्यातले ४० लाख बायकोचेच. ते वारसा म्हणून येत नाहीत, ते तिचे आधीपासून असतात. वारसाहक्काचा प्रश्न फक्त नवऱ्याच्या ४० लाखांचा. त्यातले २० लाख तो मृत्युपत्रानं हव्या त्याला देऊ शकतो, उरलेले २० मुलांसाठी राखीव. मुलांना बाहेर ठेवायचं म्हटलं तरी सहजी ठेवता येत नाही.

आता तेच लग्न पूर्ण स्वतंत्र मालमत्तेच्या कराराखाली झालेलं असू दे. ८० लाख सगळे नवऱ्याचे. निम्म्याचं मृत्युपत्र करायला तो मोकळा, निम्मे मुलांचे. बायकोचं काय? गोव्याच्या वारसाक्रमात जोडीदार मुलांच्या आणि सासू-सासऱ्यांच्याही मागे उभा असतो. याचं कारण सरळ आहे: जोडीदाराकडं निम्मं आधीच आहे, असं हा कायदा धरून चालतो. करारानं तो निम्मा काढून घेतला तरी रांगेतली तिची जागा पुढं सरकत नाही. उपजीविकेचं साधन नसेल तर मृताच्या मालमत्तेच्या उत्पन्नातून निर्वाह मागता येतो, एवढंच.

हीच बाई बेळगावात नांदत असती तर? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र न करता गेलेल्या नवऱ्याच्या मालमत्तेत विधवा पहिल्या वर्गाची वारस आहे, मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीनं. दोन मुलं आणि सासू असेल तर तिला चौथा हिस्सा मिळतो. म्हणजे ज्या राज्याच्या कायद्याची समानतेसाठी देशभर वाखाणणी होते, तिथं एका सहीमुळं बाई बेळगावच्या विधवेपेक्षाही मागं जाऊ शकते. समान नागरी कायद्याच्या वादात गोव्याचा दाखला दर भाषणात येतो. हा भाग कुठल्याच भाषणात येत नाही.

करार मागणारा नेहमी लबाड नसतो

गोव्यात असा करार मागणारी घरं बहुधा धंद्याची असतात, आणि त्यांची भीती पोकळ नसते. डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यात २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा ट्रक आणि बार्जवाल्यांच्या डोक्यावर बँकेची कर्जं तशीच राहिली. सामाईक लग्नात दोघांच्या संमतीनं काढलेल्या कर्जाचा भार दोघांच्या मालमत्तेवर येतो. स्वतंत्र मालमत्तेचा करार असेल तर सुनेचं माहेरचं सोनं आणि तिच्या नावाचा फ्लॅट बँकेच्या तडाख्यातून वाचू शकतो. तिथं सही तिच्याही फायद्याची ठरते.

मुलगी कमावती असेल, तिच्या नावावर आधीपासून घर असेल किंवा माहेरची जमीन येणार असेल, तरी गणित उलटं होतं. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो पक्का केला. खानापुरातल्या शेतातला तिचा वाटा गोव्यातल्या सामाईक लग्नात गेला, तर त्यात जावयाचा निम्मा हक्क उभा राहू शकतो. माहेरच्या भावांना हे विहिरीच्या वाटणीच्या वेळी कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

"जमीन तर कर्नाटकात आहे, गोव्याचा कायदा इथं कसा लागेल?" हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. वारसाहक्कापुरतं त्याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१९ मध्ये दिलं. मूळ गोव्याच्या एका गृहस्थानं १९५१ मध्ये मुंबईत घेतलेल्या मालमत्तेचा तो वाद होता. न्यायालय म्हणालं, गोव्याचा रहिवास असलेल्या माणसाची मालमत्ता गोव्याबाहेर भारतात कुठंही असली, तरी तिचा वारसा गोव्याच्याच कायद्यानं ठरेल. निकाल वारशाचा आहे, लग्नाच्या मालमत्तेचा नाही. पण "घाटावरची जमीन घाटावरच्या कायद्यानं" हा समज त्यानं मोडला.

आणि सामाईक पद्धत म्हणजे बायकोचं राज्य, असंही समजू नये. जुन्या संहितेनं सामाईक मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्या हाती दिला आहे. जमीन-घर विकायला बायकोची सही लागते, पण शेअर, ठेवी, धंद्यातला पैसा अशा जंगम मालमत्तेवर तिचा हात सहज पोचत नाही. मालकी निम्मी आणि किल्ली नवऱ्याकडं, अशी अवस्था. नवरा उधळपट्टी करत असेल तर कोर्टात जाऊन मालमत्ता वेगळी करून मागता येते; पण तिथवर जायला बाईला किती वर्षं लागतील, हे प्रत्येकानं आपापल्या घरात डोकावून बघावं.

तारखेची गल्लत

सगळ्यात जास्त घोटाळा तारखेत होतो. आपल्याकडं लग्न म्हणजे मुहूर्त, अक्षता, मंगळसूत्र. नोंदणी नंतर कधी तरी, पासपोर्ट काढायचा असला की. गोव्यात उलट आहे. तिथं नोंदणीच्या कचेरीत पहिली सही होते, नोटीस लागते, हरकतींची मुदत जाते आणि मग दुसरी सही होते. कायद्याच्या दृष्टीनं लग्न दुसऱ्या सहीला झालं. अक्षता त्यानंतर दोन-चार महिन्यांनीही पडतात आणि तोवर मुलगी माहेरीच असते. "करार लग्नाआधी करू" म्हणून मुहूर्ताकडं डोळे लावून बसलेल्या बेळगावच्या घराला कळतच नाही, की ती वेळ नोंदणीबरोबर निघून गेली. मग कुणीतरी दोघांना वकिलाकडं पाठवतं आणि मागच्या तारखेचा स्टॅम्प शोधायची भाषा सुरू होते. त्या वाटेला जाऊच नये.

उलट दिशेची सोयरीक असेल, गोव्याची मुलगी आणि बेळगावचा मुलगा, तर गैरसमजही उलटा होतो. आईच्या घरी सगळीकडं निम्म्याचा हक्क बघत मोठी झालेली मुलगी सासरीही तसंच धरून चालते. लग्न बेळगावात, हिंदू विवाह कायद्याखाली आणि मुलाचा सगळा संसार तिथंच असेल, तर नवऱ्यानं घेतलेल्या फ्लॅटमध्ये तिचा आपोआप काही हिस्सा नाही. तिथं तिच्या उपयोगाला लग्नाआधीचा करार येत नाही, साधे कागद येतात. फ्लॅटच्या दस्तात दोघांचं नाव, हप्ते कुणाच्या खात्यातून गेले याचा हिशेब, नवऱ्याचं मृत्युपत्र, नोंदणी केलेलं बक्षीसपत्र.

आणि एक यादी. १९८५ च्या नियमांनुसार लग्नात वर-वधूला मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवायची असते. वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं, आणि खाली दोघांच्या सह्या. हा कागद कायद्यानंच सांगितलेला आहे, तरी किती घरांत सापडेल? आहेराची वही ठेवतात, तीही कुणाला किती परत करायचं ते बघायला. मुलीचं स्त्रीधन ही तिची एकटीची मालमत्ता, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच ठामपणे सांगितलं. पण तिच्या अंगावर किती तोळे होते, हे भांडण झाल्यावर फोटोवरून मोजत बसावं लागतं. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवरच्या करारापेक्षा बेळगावच्या लग्नात ही यादी जास्त कामाची.

मग डिचोलीच्या निरोपाचं काय करावं? नाही म्हणून सोयरीक मोडायची गरज नाही आणि फॉर्मॅलिटी म्हणून सहीही करू नये. मसुदा हातात मागावा. गोव्यात वकिली करणाऱ्या, आणि मुलाकडच्यांनी न सुचवलेल्या, वकिलाला तो दाखवावा. मुलाच्या वडिलांना सरळ विचारावं, "साहेब, भीती कशाची आहे? कर्जाची, की वडिलार्जित जमीन बाहेर जाण्याची?" भीती वडिलार्जित जमिनीची असेल तर मधली पद्धत आहेच: आधीचं आपापलं, लग्नानंतर उभं केलेलं दोघांचं. कर्जाची असेल तर पूर्ण स्वतंत्र पद्धत मान्य करावी, पण त्याबरोबर राहतं घर मुलीच्या नावे करून द्या, किंवा नवऱ्याच्या हाती असलेल्या हिश्श्याचं मृत्युपत्र तिच्या नावे करा, असं बोलून बघावं. मात्र मृत्युपत्र उद्या बदलता येतं आणि नोंदलेलं बक्षीसपत्र सहसा फिरत नाही, हे त्या बैठकीत मुलीकडच्या कुणाला तरी माहीत असलं पाहिजे. आणि हे सगळं दुसऱ्या सहीची तारीख लागायच्या आत व्हायला हवं. पहिली सही झाली असेल, तर आधी कचेरीत जाऊन ती तारीख कधीची आहे ते विचारून यावं.